दोन बाटल्या पारा

चौकशीसाठी समोर बसवलेली बहुतेक माणसं मी निवृत्त होण्याआधीच विसरलो. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

गोवा मुक्त होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. गावात पाच वर्षांपूर्वी निघालेलं कॉलेज एका जुन्या दुमजली वखारीत भरत असे आणि माडीवर पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा होती. तिथले प्रमुख प्राध्यापक एका सकाळी लेखी तक्रार घेऊन आले. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार म्हणून त्यांनी साठा पडताळला, तर पारा दोन बाटल्यांनी कमी भरला. पारा महाग, सोनारांना लागणारा. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, त्यांच्याकडे आणि अटेंडंटकडे.

गुन्हा दाखल केला. दुसऱ्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं की हा अटेंडंट बाटली घेऊन बाजारातल्या सोनाराच्या दुकानात शिरताना दिसला होता. मला तेवढं पुरे झालं.

माणूस चाळिशीचा, वालावल गावचा. ठाण्यात आणला तेव्हा मान वर करीना. साध्या प्रश्नाचं उत्तर देताना मध्येच विसरे, सारखा दाराकडे बघे. चहा दिला तर हात असा कापायला लागला की अर्धा चहा बशीत. हात कापतो त्याच्या पोटात चोरी असते, हे आम्ही वरिष्ठांकडून शिकलो होतो. हवालदाराने दोन थोबाडीत दिल्या. मी थांबवलं नाही. रडत तो एवढंच म्हणाला, "पारो माझ्याकडे नाय, सायबानू. पोरांच्या हातसून सांडता. मिळता तेवढो मी गोळा करून ठेवतंय."

दोन बाटल्या सांडल्या? हवालदार हसला, मीही हसलो.

जबाबावर सही करायची वेळ आली तेव्हा त्याने नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. पुढे नाकारता यावी म्हणून मुद्दाम सही बिघडवतोय, असं मला वाटलं. मूळ सही ताडून पाहावी म्हणून मी कॉलेजातून साठ्याची नोंदवही मागवली. प्रत्येक सत्राअखेर त्याची सही होती. पहिल्या वर्षीची गोल, ठसठशीत. पुढच्या वर्षी शेवटचं अक्षर घसरलेलं. पाचव्या वर्षापर्यंत अक्षर ओळखूच येईना. म्हणजे मी पकडण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा हात कापत होता.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. सोनाराकडे स्वतः गेलो. तो म्हणाला, "तो विकूक नाय इलो हुतो. कचऱ्यातलो पारो गाळूचो कसो, ता इचारूक इलो हुतो."

तिथून प्रयोगशाळेत गेलो. पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक चाललं होतं. समुद्राच्या वाऱ्याने तराजू हलतो म्हणून सगळ्या खिडक्या बंद. एका मुलीच्या हातून पाऱ्याची नळी कलंडली. चकचकीत थेंब टेबलावरून घरंगळले आणि जमिनीच्या फळ्यांच्या फटींत गेले. प्राध्यापकांनी मान वर केली नाही.

"तो संध्याकाळी वेचतो," ते म्हणाले.

कशाने वेचतो, विचारलं. हातानेच. राहतो कुठे? घर लांब, म्हणून शनिवारपर्यंत आतल्या सामानाच्या खोलीत.

सुतार बोलावला, पंचांसमक्ष फळ्या उचलल्या. फळ्या आणि खालच्या मजल्याचं लाकडी छत यांच्यामधल्या धुळीत पारा साचला होता. गोळा केला तो दीड बाटली भरला. पाच वर्षांतल्या पोरांनी सांडलेला. बाकीचा अटेंडंटने वेचून ठेवलेल्या कचऱ्यात होता.

मग अटेंडंटला मी सरकारी दवाखान्यात नेलं; डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या. त्या सुजून रक्ताळलेल्या होत्या, दात हलत होते. डॉक्टर म्हणाले, ही पाऱ्याच्या वाफेची बाधा आहे. हाताचा कंप, विसरभोळेपणा, माणसांची भीती, सगळं त्यातलंच. हे मी प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "डोकं दुखतं, खिडक्या उघडूया, असं तो म्हणायचा. मीच नको म्हणायचो."

चोरी झालीच नव्हती. गैरसमजातून तक्रार, असं लिहून मी कोर्टाकडे 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. अटेंडंटची माफी मी मागितली नाही. ठाण्यात तशी पद्धत नव्हती, या सबबीवर मी तेव्हा भागवलं.

त्याला न्यायला बायको आली. हवालदाराने बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. "दोन वर्सा झाली, जेवताना हात कापून घास तोंडात जाणा नाय," ती मला म्हणाली. "घरात माका दिसता, तर सायबानू, तुमका कित्या दिसूक नाय?"

मी त्याच्या सुटकेच्या कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी तो वालावलला वारला. तोवर प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्या होत्या आणि समितीने मान्यताही दिली होती.

त्यानंतर नोकरीभर मी एक नियम पाळला. चौकशीच्या टिपणात आधी फक्त दिसलेलं लिहायचं, 'घाम आला', 'पाणी मागितलं' असं. त्यावरून मला काय वाटलं, ते वेगळ्या कागदावर. दुसरा कागद बहुतेक वेळा फाडावा लागला. हाताखाली जे नवीन शिपाई आले त्यांना मी हेच शिकवलं.

पण दोन बाटल्या पाऱ्यासाठी मी गुन्हा दाखल केला होता. एक माणूस पाच वर्षं बंद खोलीत विष हुंगत संपला, त्याची नोंद कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही. माझ्याही नाही.