मावशीचं रिपीट

माझी थोरली मावशी नात्यानेही मावशी आणि नोकरीनेही मावशी. इस्पितळाच्या वॉर्डात साफसफाई आणि सेवा करणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात, तशी ती अख्ख्या पुरुष वॉर्डाची मावशी होती. चादरी बदलायच्या, पेशंटला कुशीवर वळवायचं, रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि न रडणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. तिथल्या नर्स म्हणजे सिस्टर. मावशीचा हिशेब सरळ होता: पेशंटची मी मावशी, त्या पेशंटच्या बहिणी, म्हणजे माझ्या भाच्याच झाल्या. म्हणून ती त्यांना बिनधास्त रागवायची आणि त्याही ऐकून घ्यायच्या.

निवृत्त झाली तरी वॉर्ड तिच्या अंगातून गेला नाही. घरात कुणीही पाऊल टाकलं की आधी त्याचे डोळे आणि पाय बघते. एकदा वीजमीटरचा आकडा घ्यायला आलेल्या माणसाला तिने "तुम्हाला झोप नाही" असं सांगून दहा मिनिटं खुर्चीत बसवून ठेवलं होतं. तिच्या खोलीतली लोखंडी कॉटही तिने लाकडी ठोकळ्यांवर चढवून घेतली आहे, खालून झाडू नीट फिरावा म्हणून. कॉटच्या पायथ्याशी टीव्ही आणि टीव्हीवर केबलचा तो काळा बॉक्स. घरातलं सगळं भांडण त्या बॉक्सवरून झालं.

मावशी एकच चॅनेल बघायची आणि त्यावरची एकच मालिका. एक सासरा, तीन सुना आणि एक कापडाचं दुकान. ते दुकान सारखं बुडायला यायचं आणि बुडायचं काही नाही. मालिका केव्हाच संपली होती. तिच्यातल्या धाकट्या सुनेचं काम करणारी बाई आता दुसऱ्या चॅनेलवर सासू झाली होती. पण हे चॅनेल तीच मालिका दुपारी दाखवायचं, संध्याकाळी दाखवायचं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. फुकट नाही, त्या चॅनेलचे वेगळे पैसे पडायचे.

मावशीचा मुलगा, माझा दादा, विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. दिवसभर लोकांवर संशय घ्यायचा पगार मिळतो, त्यामुळे घरी आल्यावरही त्याची ती सवय सुटत नाही. वहिनी प्राथमिक शाळेत शिकवते. ती चारचौघांत दादाची री ओढते आणि स्वयंपाकघरात मावशीची. असं केल्यानेच हे घर उभं आहे, असं तिचं मत आहे आणि ते खोटं नाही.

मी त्यांच्याकडे राहायला गेले होते तेव्हा जेवताना दादाने विषय काढला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मलाही कबूल करावं लागेल. पैसे घेऊन हे लोक आपल्याला तेच ते वाढतात, तो म्हणाला. सिनेमाच्या चॅनेलवर तेच चार सिनेमे आळीपाळीने. प्राण्यांच्या चॅनेलवर तर तो कॉलेजात असल्यापासून तोच वाघ त्याच हरणामागे पळतोय, एव्हाना हरणालाही कुठे वळायचं ते पाठ झालं असेल. आणि वर निर्लज्जपणे पडद्याच्या कोपऱ्यात 'नवीन' अशी पट्टी. प्रश्न पैशांचा नाही, फसवणुकीचा आहे, असं म्हणून त्याने जाहीर केलं की घरातलं बाकी सगळं फोनवर आलंच आहे, तेव्हा सुटीच्या दिवशी माणूस बोलावून तो बॉक्सही काढून टाकायचा.

मावशी शांतपणे जेवत होती. शेवटचा घास गिळून म्हणाली, "कुणाला विचारून?"

दादा म्हणाला, विचारायचं काय त्यात, सगळं रिपीट तर आहे.

"बॉक्स माझ्या खोलीत आहे," मावशी म्हणाली. "माझ्या खोलीतल्या वस्तूला हात लावायचा नाही." आणि ताट उचलून मोरीकडे गेली. वहिनीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. इकडे नवरा, तिकडे सासू. आता बघूच, असा त्या भुवयांचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी दादाने मला गळ घातली. तुझं ऐकते ती. तू नाटकवाली, चार वाक्यं जरा वजनदार टाक. मी म्हटलं, नाटकवालीला तू हे काम देतोस? आम्ही एकच नाटक शंभर वेळा करतो आणि दर वेळी तिकीट लावतो. तो म्हणाला, तुमचं वेगळं. वेगळं कसं, ते काही त्याने सांगितलं नाही.

गेले. दुपारचा भाग चालू होता. पडद्यावर मोठी सून हातात कापडाचं ठाण घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि संगीताने आधीच ढोल बडवायला सुरुवात केली होती.

"आता पडेल," मावशी म्हणाली. सून पडली. मावशीने समाधानाने मान हलवली, एखादी गाडी वेळेवर आल्यासारखी.

मी विचारलं, कंटाळा येत नाही का गं? तुला माहीत आहे की ती पडणार.

"मला हेही माहीत आहे की ती उठणार."

मग तिने आवाज बारीक केला आणि मला वॉर्डातल्या सकाळच्या राउंडचं सांगितलं. मोठे डॉक्टर खाटेखाटेपाशी थांबायचे, केसपेपर चाळायचे, मागे सिस्टर पेन उघडून उभी. त्या वेळी अख्खा वॉर्ड श्वास रोखून असायचा. डॉक्टरांनी 'रिपीट' म्हटलं की संपलं. म्हणजे कालचंच औषध आज. म्हणजे पेशंट आहे तसा आहे, खाली घसरलेला नाही. सिस्टर रिपीट लिहायची आणि मावशी बादली उचलून बाहेर यायची. दाराशी नातेवाईक ताटकळत असायचे, त्यांना बाकी काही कळत नसे, ते फक्त मावशीचं तोंड बघायचे. ती जाता जाता पुटपुटायची, रिपीट. की सगळ्यांचा जीव भांड्यात. तिथल्या कुणालाच त्याहून चांगला शब्द माहीत नव्हता.

"आणि नवीन औषध लिहिलं तर?"

"तर मी मागच्या दाराने जायचे," मावशी म्हणाली आणि आवाज पुन्हा मोठा केला.

मी बाहेर येऊन दादाला सांगितलं की मला जमणार नाही. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि फोन करून सुटीच्या दिवशीची वेळ पक्की केली.

बॉक्सवाला आला तो जिने चढून धापा टाकत. पन्नाशीचा माणूस, कमरेला पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरचा पट्टा. दादा त्याला थेट मावशीच्या खोलीत घेऊन आला. मावशी कॉटवर बसली होती, रिमोट मुठीत. माणसाचा हात बॉक्सकडे जायच्या आत तिने त्याला हुकूम सोडला की आधी खाली बसा, ओठ निळे पडलेत. तो बसला. वहिनीने पाणी आणलं. बॉक्स काढायला आलेला माणूस मावशीच्या खुर्चीत पाणी पितोय, म्हटल्यावर दादाची निम्मी लढाई तिथेच गेली.

पाणी पिऊन झाल्यावर मावशीने त्याची झडती घेतली. कार्यक्रम जुना असेल तर कोपऱ्यात नवीन का लिहिता? जुनं आहे तर जुनं म्हणा, मी जुन्याचेच पैसे देतेय, मला लाज नाही, तुम्हाला कसली आलीय? तो बिचारा म्हणाला, मावशी, मी फक्त वायर जोडतो. मावशी म्हणाली, मग तोडायची घाई कशाला करता?

तेवढ्यात त्याला धंद्याची आठवण झाली. बंद करण्यापेक्षा मोठा पॅक घ्या, त्यात पुष्कळ चॅनेल येतात, असं तो दादाला सांगू लागला. दादाने विचारलं, त्यात नवीन काय असतं? माणसाने रिकाम्या पेल्याकडे बघितलं. पाणी प्यायलेल्या घरात खोटं बोलावंसं वाटलं नसेल.

"खरं सांगू का साहेब? त्यातही रिपीटच. फक्त जास्त ठिकाणी."

दादा हसला नाही. मावशीकडे वळून चढ्या आवाजात म्हणाला, "ऐकलंस? आता कंपनीचाच माणूस सांगतोय. रिपीट, रिपीट, रिपीट. शिसारी आलीय मला त्या शब्दाची."

मावशी उभी राहिली. ती दादाच्या खांद्याइतकीच आहे, पण वॉर्डात ती कुणाच्या उंचीला भ्यायली नव्हती.

"तुला? त्या शब्दाची?"

टीव्ही चालूच होता. तिने तो बंद केला.

"तुझे बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. तू शाळेतून घरी न जाता वॉर्डाच्या दाराशी यायचास. लहान मुलांना आत सोडत नसत. जाळीला नाक लावून मला काय विचारायचास?"

दादा बॉक्सपासून मागे सरकला.

"मी काय सांगायचे तुला?"

दादाने एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. मग हळू म्हणाला, "रिपीट."

"मग तू काय करायचास?"

"खेळायला जायचो."

"दप्तर माझ्या अंगावर टाकून. मागे वळूनसुद्धा बघायचा नाहीस, इतकं पुरायचं तुला ते." मावशीचा आवाज जराही हलला नाही. "आणि डॉक्टरांनी नवीन औषधं लिहिली त्या दिवशी मी तुला काय सांगितलं?"

"काहीच नाही," दादा म्हणाला. "तू माझा हात धरलास आणि मला घरी नेलंस."

बॉक्सवाला खुर्चीतून अर्धवट उठला होता, तो तसाच राहिला.

"पुढे काय होणार, पुढे काय होणार, ह्यात माझी सगळी नोकरी गेली," मावशी म्हणाली. "वॉर्ड संपला की घरी यायचे, तर घरीही तेच. आता मला ते नको. ज्याला उत्सुकता हवी त्याने घ्यावी विकत. ती सून पडू दे जिन्यावरून आणि चौथ्या भागात उठून बसू दे. मला फसवत नाही कुणी. मी बघून, सवरून, मोजून तेच मागते आणि माझ्या पेन्शनमधून त्याचे पैसे देते. हात लाव बघू बॉक्सला."

दादाने हात लावला नाही. बॉक्सवाल्याला म्हणाला, "राहू दे. असू दे आहे तसं." माणसाने पट्टा सावरला आणि जाता जाता मावशीला विचारलं की ओठ निळे पडतात त्यावर काय करायचं. मावशीने त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि कुठल्या दिवशी गर्दी कमी असते तेही सांगितलं.

त्यानंतर घरात त्या विषयावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. दादा तर जास्तच सरळ वागायला लागला. येता-जाता आईच्या दारात थांबून, पडली का गं, असं विचारायचा. पडली, ती आतून सांगायची.

मग चॅनेलनेच घात केला. वहिनीने मला फोनवर सगळं सांगितलं. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकायला लागली: सोमवारपासून तिन्ही वेळांना नवी कोरी मालिका. ती वहिनीने आधी वाचली आणि चार दिवस पोटात ठेवली. सोमवारी मावशीने टीव्ही लावला तर दुकान गायब, सासरा गायब. एक मुलगी बसस्टॉपवर उभी आणि एक इन्स्पेक्टर गाडीतून तिच्याकडे बघतोय. कुणाच्या मनात काय आहे, काही पत्ता नाही. मावशीने अन्याय नको म्हणून पहिला भाग पूर्ण बघितला. मग बाहेर येऊन दादाला म्हणाली, त्या माणसाला बोलाव आणि बॉक्स घेऊन जायला सांग.

दादाने हातातला चहा ठेवला आणि चक्क नाही म्हणाला. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले तेव्हा हा वाद अजून ताजा होता. आता दादा बॉक्सच्या बाजूने भांडत होता. अगं, असं एकदम काढू नये, कधीतरी परत लावतील, आणि इतके दिवस जुन्याचे पैसे भरलेस, आता कुठे खरोखर नवीन लागलंय तर बंद करायचं?

"म्हणूनच," मावशी म्हणाली.

"लोक काय म्हणतील? रिपीट होतं तोवर ठेवला आणि नवीन आल्यावर काढला."

"म्हणू दे. नवीन मी भरपूर बघितलंय आणि त्याचे पैसे कधी दिलेले नाहीत. आताही देणार नाही."

बॉक्सवाला येऊन बॉक्स घेऊन गेला. त्याचा रंग जरा सुधारला होता. मावशीने टीव्हीवर बॉक्सच्या जागी जमलेली चौकोनी धूळ पुसली आणि कॉटवर जाऊन बसली. आता ती दिवसभर काय करणार, हे विचारायची हिंमत आमच्यात कुणाची नव्हती.

संध्याकाळी दादा कामावरून आला तो बूट न काढता तिच्या खोलीत गेला. म्हणाला, ऑफिसात जेवणाच्या सुटीत शोधत बसलो होतो, ती मालिका फोनवर आहे, सगळे भाग आहेत, पहिल्यापासून. मावशीने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत केला. ह्या डबीत मला कोण सून आणि कोण सासरा कळणार नाही, म्हणाली. दादा म्हणाला, मी चष्मा बदलून आणतो. मावशी म्हणाली, चष्म्याचं राहू दे. फोन तुझा, हात तुझे. बस इथे आणि धर नीट.

तो कॉटच्या कडेवर बसला, दोन्ही हातांत फोन, छातीपाशी. मी दारातून बघत होते. पहिला भाग लागला. दुकानाचं उद्घाटन होतं, सासरा तरुण होता, तिन्ही सुना अजून घरात यायच्या होत्या. दादाने ती मालिका कधीच धड बघितलेली नव्हती. थोड्या वेळाने त्याचे हात खाली आले आणि तो पुढे वाकून स्वतःच बघायला लागला.

"हा भागीदार चांगला आहे की लबाड?" त्याने विचारलं. "दुकान त्याच्याच नावावर आहे, पुढे काहीतरी करणार वाटतं."

"फोन सरळ धर," मावशी म्हणाली.