जॉबरची नाईट शिफ्ट

पॉवरलूमच्या शेडमध्ये एक दिवस झाडू मारला नाही की लूमखाली कापसाची बोटभर गादी साचते. किस्स्यांचंही तसंच. मी भिवंडीत एका शेडवर बरीच वर्षं मेहता होतो. मेहता म्हणजे शेठ नसताना शेठसारखा ओरडणारा आणि शेठ आला की गप्प बसणारा माणूस. कामगारांच्या शिफ्ट लावायच्या, सूत आलं-गेलं बघायचं आणि उरलेल्या वेळात भांडणं सोडवायची. परवा जुनी मित्रमंडळी जमली. म्हणाली, "सांग काहीतरी शेडवरचं." सांगायला बसलो आणि लक्षात आलं, निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. आमच्या जॉबरचे.

जॉबर म्हणजे लूम अडला की तो चालू करून देणारा मिस्त्री. नाव दशरथ, राहणार काल्हेर, वय पंचावन्नच्या आसपास. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, घरी फक्त बायको, हिराबाय. दशरथ आता हयात नाही, त्यामुळे राग यायचा प्रश्न नाही. असता तरी त्यानेच हे माझ्यापेक्षा रंगवून सांगितलं असतं.

* * *

आधी शेडची भाषा सांगायला हवी. लूम चालू असताना शेजारच्या माणसाच्या कानाशी बोंबललात तरी ऐकू जात नाही. म्हणून आमचे कामगार आवाजात बोलायच्या भानगडीत पडतच नसत. नुसते ओठ हलवायचे, जोडीला बोटं नाचवायची. चार रांगा पलीकडचा माणूस ते वाचून तसंच उत्तर द्यायचा. खासगी काही असेल तर तोंडापुढे गमछा धरायचा, एवढा एक रिवाज. नवा माणूस सहा महिन्यांत हे सगळं शिकायचा. मी दाराशी लाकडी केबिनमध्ये बसणारा, मला ते कधीच जमलं नाही. शेडभर माणसं हसत असायची आणि मी "काय झालं, काय झालं" करत फिरायचो.

या भाषेत दशरथचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यातून विषय चावट असला तर बघायलाच नको. एकदा सीताराम नावाचा आमचा राहनाळचा विणकर लग्नाची सुट्टी संपवून कामावर आला. दशरथने हातात एक धोटा, म्हणजे लूममध्ये आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी, घेतला आणि सीतारामची पहिली रात्र कशी गेली असेल ते शेडला बिनआवाजी करून दाखवलं. मकबूलचाचा, आमचा आजमगढचा सगळ्यात जुना विणकर, इतका हसला की त्याच्या लूमवर हातभर कापड वाया गेलं.

मी दशरथला विचारलं, "काय सांगितलंस रे एवढं?"

"जाऊ द्या मेहता," तो म्हणाला, "तुमची तब्येत नाजूक हाय."

मी तेव्हा तिशीतला होतो.

* * *

पुढे या दशरथला लघवीचा त्रास सुरू झाला. दर अर्ध्या तासाने शेडमागच्या मोरीत जायचा आणि वाकडं तोंड करून परत यायचा. सीतारामला उट्टं काढायची संधी मिळाली. "जॉबर सगल्या शेडचं नट-बोल्ट आवलतो," तो म्हणायचा, "घरचा नल मात्र गलतोय." दशरथही हसायचा. मग एक दिवस रक्त गेलं आणि हसणं थांबलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. तिला कॅन्सर झाला होता. त्या काळी उपाय असा होता की पुरुषाची अंडंच काढून टाकायची आणि वर बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या, म्हणजे रोगाला खाद्य मिळत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर त्याला नीट बसवून सांगितलं, "तुम्हाला आयुष्य मिळालंय. बायकोबरोबरचा तो संबंध मात्र आता व्हायचा नाही."

दशरथ म्हणाला, "दोन्हीतलं कंचं ठेवायचं, ते मला आदी इचारायचं ना सायेब."

हे त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना हसला. त्या दिवशी तो हसला नसणार.

* * *

दोन-तीन महिन्यांनी तो कामावर आला. आम्हाला एवढंच ठाऊक की गाठ काढली आणि जॉबर वाचला. शेडने त्याला हार घातला. हार गळ्यात असतानाच तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "मेहता, मला कायमची नाईट द्या."

आमच्याकडे बारा-बारा तासांच्या शिफ्ट, आठ ते आठ. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रात्रीला सगळे वैतागलेले. नाईट चुकवण्यासाठी माझ्याकडे किती आज्या मेल्या आणि किती बहिणींची लग्नं झाली, त्याची गणतीच नाही. एकाच्या एकुलत्या एका बहिणीचं वर्षात तीनदा लग्न झालं. तिथे हा माणूस आपण होऊन कायमची नाईट मागतोय म्हटल्यावर मी कारण कशाला विचारतो? दिली. दुसरा जॉबर खूश. त्याने शेडभर पेढे वाटले.

मकबूलचाचा तेवढा पेढा न खाता उभा राहिला. म्हणाला, "मेहताजी, ये नाइट नहीं कर रहा. ये घर से छुप रहा है."

मी म्हटलं, "चाचा, पेढा खा." पण चाचाचं खरं होतं. दशरथ सकाळी घरी पोचायचा तेव्हा हिराबाय भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली असायची. ती परत येईपर्यंत याची शेडला निघायची वेळ झालेली असायची. एका घरात राहून नवरा-बायको उंबऱ्यातच भेटत होती. हिराबायला त्याने सांगितलं होतं, "मेहता दिवसाची ड्युटी देत न्हाय." म्हणजे काल्हेरात माझ्या नावाने रोज बोटं मोडली जात होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

* * *

शेडमध्ये उन्हाळ्यात सगळे बनियन आणि लुंगीवर. दशरथ पूर्वी बनियनही काढून खुंटीला टांगायचा. आता तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून यायला लागला आणि त्यावरून छातीभर गमछा गुंडाळायचा. गोळ्यांनी त्याची छाती बाईसारखी भरून आली होती. कोणी विचारलं तर म्हणायचा, "खोकला हाय."

आणि ऐन जानेवारीत, सगळे कानाला मफलर बांधून उभे असताना, याला मध्येच घामाच्या धारा लागायच्या. तोंड लाल व्हायचं. पान्हा टाकून दारात वाऱ्याला जाऊन उभा राहायचा. मकबूलचाचा म्हणायचा, "जॉबरसाब का मौसम अलग चलता है." दशरथ त्यावर मान डोलवायचा, पण उलटा टोला हाणायचा नाही. चावट गोष्टी तर बंदच झाल्या होत्या. शेडमध्ये हसू कमी झालंय हे मला माझ्या केबिनमधून कळत होतं, कारण "काय झालं" विचारायची वेळच येत नव्हती.

* * *

शेवटी त्याला राहवलं नाही. एका संध्याकाळी, शिफ्ट नुकतीच सुरू झालेली असताना, त्याने मकबूलचाचाच्या लूमशी उभं राहून सगळं सांगितलं. ऑपरेशनात काय काढलं, गोळ्या कसल्या, छाती कशाने, घाम कशाने. आणि शेवटी, "हिराबायजवल जायाची लाज वाटते. तिनं हात लावला तर मी काय सांगू?"

लूम धडधडत होते, म्हणून त्याला वाटलं, आपलं बोलणं चाचापाशीच राहील. जन्म गेला शेडमध्ये, सगळ्यांचे ओठ वाचले, आणि आपलेही ओठ कोणी वाचतं हे त्या दिवशी विसरला! तोंडापुढे धरायचा गमछा छातीवर गुंडाळलेला. पहिल्या चहापर्यंत शेडच्या शेवटच्या माणसाला सगळं कळलं होतं.

मला सोडून. मला तीन दिवसांनी ताराबाईने सांगितलं. ती आमच्याकडे दिवसपाळीला कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिने सांगितलं तेही मी फार विचारलं म्हणून. ऐकून मला वाईट वाटलं. इतका दंगेखोर माणूस, आणि स्वतःच्या घरात जायला घाबरत होता.

* * *

तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण दशरथच्या अवजारांच्या पेटीत वस्तू निघायला लागल्या. आधी कागदात बांधलेलं शिलाजित. मग गणेशपुरीकडच्या कुठल्या वैदूची मुळी. मग काळ्या दोऱ्यातला ताईत. एक दिवस तर भुशात ठेवलेली गावठी अंडी निघाली. दशरथने पेटी उघडली. मग अंडं वर धरून शेडकडे वळला. जो तो आपल्या लूममध्ये मान घालून, जणू धागा आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

त्याला कळायचं ते कळलं. त्याने सगळा माल एका फडक्यात बांधला आणि सीतारामला दिला. म्हणाला, "मशीनच काढून नेलंय, तेल घालून काय करू? तुझं चालू हाय, तू खा."

सीतारामने खाल्लं. वर्षाच्या आत त्याला चौथं पोर झालं आणि शेडमध्ये त्या पोराचं श्रेय जॉबरला मिळालं. बऱ्याच महिन्यांनी दशरथ त्या दिवशी मोठ्याने हसला.

* * *

मग आणीबाणी आली आणि नसबंदीच्या केसेस गोळा करणं सुरू झालं. राहनाळला एक साहेब सीतारामच्या मागे लागला. चार पोरं म्हटल्यावर तो हातचा कसा सुटणार? शेवटी जीप थेट शेडवर आली. सीताराम माळ्यावर सुताच्या पोत्यांमागे लपला. साहेब माझ्यासमोर बसून राहिला, "एक केस दिल्याशिवाय मी उठत नाही."

दशरथ नाईट संपवून निघाला होता. त्याने विचारलं, "मी चालंल काय?"

साहेब म्हणाला, "पळेल." आणि घेऊन गेला. तिथे डॉक्टरांनी चादर उचलली, बघितलं आणि खाली टाकली. म्हणाले, "यांना कोणी आणलं? आता यांचं मी काय बांधू?" दशरथने पुष्कळ गळ घातली, की काम झालंय ते झालंय, तुमच्या साहेबाची केस भरून टाका. डॉक्टर माणूस नियमाचा. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

तोवर साहेबाची दुसरीकडे सोय झाली होती आणि सीताराम बचावला. संध्याकाळी सगळे दशरथभोवती जमले. मकबूलचाचाने विचारलं, "क्या हुआ जॉबरसाब?"

"काय होनार?" दशरथ म्हणाला. "सरकारनंबी परत पाठवला."

सगळे हसले. तोही हसला, पण हसून झाल्यावर पान्हा शोधायच्या निमित्ताने पेटीत डोकं घालून बराच वेळ बसला. नाईट काही सोडली नाही.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत, संध्याकाळी शिफ्ट बदलायच्या वेळेला, हिराबाय शेडवर आली. काष्टा घट्ट मारलेला, काखेत गोधडी. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मेहता तुमीच काय? माज्या मानसाला आजून किती वरीस रातची ड्युटी देनार?"

मी म्हटलं, "वहिनी, त्यांनीच मागून घेतलीय."

मला वाटलं, ती चिडेल, रडेल. तसलं काही नाही. "मागून घेतली काय?" एवढंच म्हणाली. आणि मग, "बरं. मंग मलाबी रातची द्या."

"बायकांना रात्रीच्या कामाला लावता येत नाही, कायदा आहे."

"कायद्याला सांगा, ती कामाला न्हाय आली. नवऱ्याजवल बसाया आली."

आणि गेलीच आत. सगळे लूम चालू होते. कांड्यांच्या मशीनजवळ तिने गोधडी अंथरली आणि मांडी ठोकून बसली. दशरथने तिला बघितलं आणि हातातला पान्हा खाली ठेवला. दोन रांगा पलीकडून त्याने नुसते ओठ हलवले. मला वाचता येत नाही, पण "घरी जा" एवढं मलासुद्धा कळलं.

हिराबायने कानामागे हात धरला आणि मान हलवली. ऐकू येत नाही.

त्याने पुन्हा सांगितलं, हातांनी खुणा करून. तिने पुन्हा कानामागे हात धरला. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. तिचा हात कानामागून हलला नाही.

मग दशरथ चालत तिच्याजवळ गेला. गोधडीवर टेकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागला. दोन शब्दांसाठी गेला असावा, पण बोलतच राहिला. मग ती त्याच्या कानाशी बोलली. दोघांची तोंडं एकमेकांच्या केसांआड, त्यामुळे शेडमध्ये कोणालाही काही वाचता आलं नाही. वाचायला कोणी बघतही नव्हतं. मकबूलचाचापासून सीतारामपर्यंत सगळ्यांनी पाठ फिरवली होती. दशरथच्या छातीवरच्या गमछ्याने तिने त्याचा घाम पुसला आणि गमछा परत गुंडाळायला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दशरथ केबिनमध्ये आला. "मेहता, उद्यापासून मला डे द्या."

दिली. ताराबाई तेव्हा कामावर येत होती. मी तिला म्हटलं, "बरं झालं, हिराबायला शेडची भाषा येत नव्हती ते. नाहीतर हा लांबूनच बोलून मोकळा झाला असता."

ताराबाई मशीनपाशी जाता जाता थांबली.

"हिराला?" ती म्हणाली. "लगनाआदी ती नि मी एकाच शेडात कांड्या भरत होतो. जॉबर तवा तितं शिकाऊ होता. दोघांचं जमलं ते चालू लूमवरूनच, एक शबूद आवाजात न बोलता."