पार्किंगमधला खून

परवीन इनामदारांकडे गुरुवारची जेवणं लवकर उरकत. टेलिफोन खात्यात नोकरी होती तेव्हाही गुरुवारची दुसरी पाळी त्या कुणाच्या तरी गळ्यात मारून घरी येत, कारण ‘चौकी नंबर सात’ चुकवायची नाही असा त्यांचा नेम होता. कोथरूडच्या त्या सोसायटीत समोरच्याच फ्लॅटमध्ये वासंती आगाशे राहायच्या. शीर्षकाचं संगीत सुरू व्हायच्या आत त्या येऊन बसत. परवीनबाईंचे यजमान नासिरभाई पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत.

मालिकेतला इन्स्पेक्टर हिंदुराव पोट सुटलेला, चुरगळलेल्या शर्टातला माणूस होता. तो कधी धावला नाही. घरात शिरला की विचारायचा, इथे दूध कोण घेतं, गॅस कोण बंद करतं. अशा साध्या प्रश्नांतून समोरचा माणूस हळूहळू उघडा पडायचा. एका भागात तर खुनी सापडलाच नाही. हिंदुराव फाइल मिटून नुसता बसून राहिला आणि भाग संपला. त्या भागावर दोघी आठवडाभर जिन्यात उभ्या राहून भांडल्या होत्या.

मग कुठेतरी चक्रं फिरली. हिंदुरावाचे केस काळे झाले, गॉगल आला. त्याला गोळी लागून स्मृती गेली, ती परत आली तर बरोबर जुळा भाऊही आला. कुणी कुणाला थोबाडीत मारली की ती तीनदा दाखवू लागले. एकेक खून तीन-तीन महिने पुरू लागला.

“ही चौकशी नाही, वरात आहे,” परवीनबाई म्हणायच्या.

“मग बंद कर ना,” नासिरभाई पेपराआडून म्हणायचे.

पण बंद करवत नसे. पुढच्या गुरुवारी तरी ताळ्यावर येतील, असं वाटत राही. आले नाहीत की शुक्रवारी सकाळी चहा कडू लागे. वासंतीबाईंना मात्र जुळा भाऊही चालत होता. “तेवढाच विरंगुळा,” त्या म्हणत, आणि परवीनबाईंना त्या शब्दाचाच राग येई.

अशात एके दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर दामले सांगत आले, की मालिकेचं शूटिंग आपल्या पार्किंगमध्ये होणार आहे आणि साक्षीदार म्हणून एक वयस्क बाई हवी आहे. त्यांनी परवीनबाईंचं नाव सुचवलं होतं. त्या रात्री परवीनबाईंनी कपाटातून तीन साड्या काढून पाहिल्या. इतक्या वैतागानंतरही आपल्याला आनंद होतोय, याची त्यांना जरा लाजच वाटली.

शूटिंगच्या दिवशी त्यांना जिन्याच्या खिडकीपाशी उभं केलं. वाक्य एवढंच होतं: “साहेब, मी या खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं, पार्किंगमधला खून यानंच केला.”

परवीनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “इथून पार्किंग दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते.”

“काकू, कॅमेरा बाहेर बघणारच नाहीये,” दिग्दर्शिका म्हणाली.

“बरं. पण मग हे हिंदुराव मला काही विचारणार नाहीत का? बाई, तुम्ही अंधारात खिडकीशी काय करत होता, चष्मा लावला होता का?”

“वेळ नाहीये काकू. लगेच जुळ्या भावाची एन्ट्री आहे.”

हिंदुरावाचं काम करणारा नट बाजूला खुर्चीत बसून चेहऱ्याला रंग लावून घेत होता. डोळे न उघडताच तो म्हणाला, “पूर्वी विचारायचो मी असं.” परवीनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो आणखी काही बोलेल असं त्यांना वाटलं. तो एवढंच म्हणाला, “चला, आटपा.”

“मला हे नाही जमणार,” परवीनबाई म्हणाल्या.

मागच्या गर्दीतून वासंतीबाई पुढे आल्या. “मी म्हणू का?”

त्यांनी वाक्य पहिल्याच झटक्यात म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवीनबाई तोवर घरी पोचल्या होत्या.

संध्याकाळी वासंतीबाई दारात उभ्या राहिल्या. “चिडलीस?”

“तू का म्हणालीस ते?”

“अगं, इतकी वर्षं बघतेय त्याला. एकदा समोर उभं राहावंसं वाटलं.”

“पण खोटं होतं ते.”

“सगळं खोटंच असतं, परवीन. पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून नव्हतं,” परवीनबाई म्हणाल्या. वासंतीबाई आपल्या घरी निघून गेल्या.

तो भाग लागला तेव्हा आगाशांकडे निम्मी सोसायटी जमली होती. जायचं नाही असं ठरवूनही परवीनबाई गेल्या. न जाणं फार वाईट दिसलं असतं. वासंतीबाईंचा चेहरा पडद्यावर आला, वीज कडाडली, चेहरा पुन्हा आला, पुन्हा वीज कडाडली. मग त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो भलत्याच कुणाचा तरी, किनरा, रडका. त्यांचा आवाज काढून दुसरीचा घातला होता. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या, दामल्यांनी पेढे वाटले.

“हा माझा आवाज नाही,” वासंतीबाई हळूच म्हणाल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. परवीनबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बघ, मी सांगत नव्हते का. पण मैत्रिणीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. राग गेला नाही, फक्त कुणावर काढावा ते कळेना.

पुढच्या गुरुवारी नासिरभाईंनी सवयीनं टीव्ही लावला.

“बंद करा हो,” परवीनबाई म्हणाल्या.

नासिरभाईंनी टीव्ही बंद केला. त्या ओटा पुसायला गेल्या, तो पुसलेलाच होता. आमटीत मीठ जास्त होतं की नव्हतं यावरून नासिरभाईंशी वाद घालून झाला. मग बेल वाजली. दारात वासंतीबाई.

“लावलं आहेस?”

“नाही.”

“मीपण नाही लावलं.” त्या आत येऊन बसल्या. दोघींना बोलायला काही सापडेना. इतक्या वर्षांत या वेळेला दुसरं काही बोलायची वेळच आली नव्हती.

“मग करतेयस काय?” शेवटी वासंतीबाईंनी विचारलं.

“काय करणार. चिडतेय,” परवीनबाई म्हणाल्या. “तू बस. चहा टाकते.”