उलटून बघणारी जयू

जयू कोणताही फोटो उघडला की आधी उलटवायची. डोकं खाली पाय वर असा नाही. आरशात दिसतो तसा, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मग एक डोळा मिटून, मान जराशी मागे नेऊन बघायची आणि म्हणायची, "हा बघ, सापडला चोर." चोर म्हणजे मूर्तीतली खोट. एक कान किंचित वर गेलेला, एक भुवई जाड, मुकुट एका बाजूला कललेला. सुलट फोटोत जे कुणाच्याच लक्षात आलेलं नसे, ते उलट्या फोटोत आम्हालाही दिसायचं. "नजरेला सवय होते गो," ती म्हणायची. "बायकोला नवऱ्याची होते तशी. मग काय पण चालवून घेते." तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. पण असल्या विषयांवर ती अधिकाराने बोलायची आणि कारखान्यात रंगकाम करणाऱ्या, चार-चार पोरं असलेल्या बायकासुद्धा माना डोलवायच्या.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. माझ्या वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. मी इंग्रजी शाळेतून 'पप्पा' हा शब्द घरी आणला आणि तोच राहिला. पनवेलला ग्राफिक डिझाइनचा कोर्स करून मी परत आले, तेव्हा पप्पांनी कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची खोली करून दिली. तिथे बसून मी मूर्तींचे फोटो नीट करायचे, मागचा पसारा पुसायचे, नंबर टाकायचे आणि व्यापाऱ्यांना पाठवायचा कॅटलॉग तयार करायचे.

खोली चांगली होती, पंखा होता. पण मला तिथे बसायचं नव्हतं. उत्तरेच्या खिडकीखाली पप्पांचा पाट असतो. मूर्ती रंगून, सोनेरी होऊन सगळ्यांत शेवटी तिथे येते आणि पप्पा तिचे डोळे आखतात. आखणी आमच्याकडे दुसरं कुणी करत नाही. लहानपणी मी तिथे रेंगाळले की पप्पा म्हणायचे, "नेहा, हात खराब करू नकोस, जा, अभ्यास कर." मी जायचे. मोठी झाले तरी मला जागा हवी होती ती त्या पाटाशेजारची, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

जयू म्हात्रे आली ती रोह्याहून. तिचे वडील पूर्वी मिठागरात होते, आता कंपनीत शिफ्टला जातात. ती रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. सकाळच्या गाडीने यायची आणि स्टेशनपासून चालत, कुणाकुणाशी बोलत, उशिरा पोचायची. कॅटलॉगच्या कामात मला मदत म्हणून पप्पांनी तिला ठेवलं होतं. पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीत आलीच नाही. सरळ पाटापाशी जाऊन उभी राहिली.

"अण्णा, हा आरसा कशाला ओ?"

पप्पांच्या शेजारी खिळ्याला एक दाढीचा आरसा टांगलेला असतो. तो दाढीचाच आहे, अशी माझी समजूत होती.

"माझे वडील मूर्ती आरशात बघायचे," पप्पा म्हणाले. "डोळा वाकडा गेला असला तर आरशात कळतो."

"आता काय बोलू! मी फोटो उलटवून बघते, ते हेच की! म्हंजे आपण दोघं एकाच शाळेतले."

पप्पा हसले. मोठ्याने, ब्रश हातातून बाजूला ठेवून. त्या आरशासमोर मी लहानाची मोठी झाले होते आणि दहा मिनिटांपूर्वी आलेल्या मुलीने त्याचा अर्थ विचारून घेतला होता. मी काचेतून बघत होते. मला ती त्या क्षणापासून आवडेनाशी झाली.

दुपारी ती माझ्या कॉम्प्युटरवर बसली आणि म्हणाली, "हे एवढं महागाचं सॉफ्टवेअर? विकत घेतलंत?"

"कॉम्प्युटरच्या दुकानदाराने बसवून दिलं."

"कुलूप तोडून?"

"सगळेच तसं वापरतात," मी म्हणाले.

"अण्णा, ऐकलंत का? बाप्पाच्या कामाला चोरीची हत्यारं हायत आपल्याकडं!"

ती हे माझ्याशी हळू बोलू शकली असती. पण जयूला हळू बोलणं माहीतच नव्हतं. सगळा कारखाना हसला, पप्पा म्हणाले, "काढून टाक," आणि ज्या सॉफ्टवेअरवर माझी बोटं न बघता चालत होती ते संध्याकाळच्या आत गेलं. त्या जागी तिने तिची साधनं बसवली: फोटो भराभर बघण्यासाठी एक, दुरुस्तीसाठी गिंप नावाचं दुसरं, आणि एक नुसतीच काळी खिडकी, जिच्यात एक ओळ टाइप केली की फोल्डरमधले सगळे फोटो एका दमात लहान व्हायचे, नाहीतर छपाईला लागतील तसे व्हायचे.

"फुकटच्या वस्तू शेवटी फुकटच्याच असतात," मी म्हणाले. माझ्या मानाने हे फार मोठं भाषण होतं.

"फुकट नाय गो मॅडम, मोकळ्या हायत. लग्नातलं जेवण फुकट असतं, त्याला आमंत्रण लागतं. नदीच्या पाण्याला कोण आमंत्रण देतं? ज्यानं त्यानं घागर न्यावी."

मला या वाक्याचा राग आला, कारण ते चांगलं होतं.

खरं सांगायचं तर कामात ती माझ्याहून सरस नव्हती. कडा कापताना घाई करायची, मूर्तीच्या बोटाचं टोक उडवायची. एका फाइलवर दुसरी फाइल बिनधास्त सेव्ह करायची. माझा डबा मला न विचारता उघडायची आणि वर म्हणायची, "तुझ्या आईला सांग, मीठ कमी पडलं." मी कापलेल्या कडा केसासारख्या बारीक असायच्या. त्या कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

मग तिने ती मराठीची गोष्ट केली. या मोकळ्या सॉफ्टवेअरमधले शब्द कुणीही आपल्या भाषेत करू शकतो. मराठीत काही झालेले होते, बरेच राहिले होते. जयूने गाडीत बसून, पेण ते रोहा, राहिलेल्यांपैकी आपल्याला लागणारे शब्द केले आणि आमच्या कॉम्प्युटरवर बसवले. आता पडद्यावर 'पुसा', 'छाटा', 'उजळ करा', 'आडवं उलटवा' असं दिसायला लागलं. एका सकाळी मी आले तर पप्पा माझ्या खुर्चीत होते. माउस त्यांनी ब्रशसारखा तीन बोटांत धरला होता.

"हे बघ नेहा," ते म्हणाले, "उलटवा म्हटलं की उलटतंय!"

मी तिथे काम करत असायचे तेव्हा ते दारातूनच विचारायचे, "झालं का?" आणि परत जायचे.

त्या वर्षी कॅटलॉग व्यापाऱ्यांना गेला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कोलाडचे एक जुने व्यापारी फोनवर ओरडायला लागले. पप्पांनी स्पीकर लावला होता.

"अण्णा, यंदा काय ठरवलंय तुम्ही? समदे गणपती उजव्या सोंडेचे? घेणार कोण? एवढं सोवळं पाळणार कोण घरात?"

आमच्याकडे उजव्या सोंडेची मूर्ती कुणी मुद्दाम मागितली तरच करतात. पप्पांनी मोबाइलवर कॅटलॉग उघडला. पानामागून पान, सगळ्या सोंडा उजवीकडे वळलेल्या, आणि सगळे देव डाव्या हाताने आशीर्वाद देत असलेले. जयूने खोट शोधायला फोटो उलटवले होते आणि तिच्या सवयीने तसेच सेव्ह केले होते. नंबर नंतर त्यांच्यावरच टाकले, म्हणून पान बघताना काही खटकलं नव्हतं. आकडे सुलटे, देव उलटे. मी त्या आठवड्यात तापाने घरी होते.

मला वाटलं, आता पप्पा बोलतील तिला. मी खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"अगो बाय माझे!" जयू कपाळावर हात मारून म्हणाली. "अण्णा, मीच ती. सगळ्या बाप्पांना सोवळ्यात बसवलं मी!"

आणि पप्पा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायका हसल्या, फोनवरचे व्यापारीसुद्धा हसले. मी जर ती चूक केली असती तर पप्पा शांतपणे म्हणाले असते, "असू दे," आणि दिवसभर गप्प राहिले असते. तिच्या चुकादेखील माझ्या बिनचूक कामापेक्षा देखण्या होत्या.

हसून झाल्यावर अडचण कळली. तयार पानं परत उलटवावीत तर नंबर उलटे होणार, आणि मूळ फोटो तर ती पुसून बसलेली. मूळ फोटो माझ्याकडे होते. ते कॅमेऱ्यातून आले की मी त्यांची एक प्रत वेगळी ठेवते. मी तशीच आहे, कशावर माझा चटकन विश्वास बसत नाही. मी पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. तिने काळ्या खिडकीत ओळी टाइप केल्या आणि दुपारपर्यंत सगळे गणपती आपल्या डाव्या सोंडेवर परत आले. मग तिने एकेका व्यापाऱ्याला फोन लावला. "काका, रोह्याची जयू बोलते. उलटे बाप्पा माझे, सुलटे बाप्पा आमच्या नेहामॅडमचे. तिनं वाचवलं बघा." पेण, रोहा, कोलाड, खांब, सगळीकडे माझं नाव झालं. पण ते तिच्या आवाजात झालं. त्यानंतर व्यापारी फोन करायचे ते तिच्याशी बोलायला.

त्याच आठवड्यात पप्पांनी तिला पाटाशेजारी बसवलं. "खोट हिला दिसते," ते म्हणाले, "मग आखूनही बघू दे." तडा गेलेल्या मूर्ती तिच्यापुढे ठेवल्या. तिने पहिल्या मूर्तीचे डोळे मोठे केले, दुसरीचे झोपाळू. तिसरीचे चांगले आले. पप्पा तिचं मनगट धरून दाखवत होते, श्वास कुठे थांबवायचा ते सांगत होते. मी काचेआड बसून एका मूर्तीच्या मागची भिंत पुसत होते. ती पुसून झाली तरी पुसत राहिले.

एकदा ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "तुला काय झालंय?"

"कुठे काय?"

"तोंड बघ तुझं." तिने मोबाइलवर माझा फोटो काढला आणि उलटवून माझ्यासमोर धरला. माझे ओठ एका बाजूला ओढले गेलेले होते. "दिसला चोर?"

मी म्हणाले, "मला काम आहे."

गेल्या वर्षी जयूने रोह्यात स्वतःचा छोटा कारखाना सुरू केला. पप्पांना तिने सरळच विचारलं होतं, "अण्णा, मी रोह्यात तुमच्यासारखंच काम केलं तर चालंल ना तुम्हाला?" पप्पांनी तिला स्वतःचे दोन ब्रश दिले. निघताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्याही. मी हात खाली ठेवून उभी होते. "येते गो," ती म्हणाली, "आणि ती तुझी वेगळी प्रत ठेवायची सवय सोडू नको. माझ्यासारख्या लय हायत जगात." मला हायसं वाटलं. मग कारखाना इतका शांत झाला की हायसं वाटणंही फार टिकलं नाही.

या वर्षी आखणी सुरू झाली तेव्हा पप्पा पाटावर एकटे होते. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर खोलीचं दार लावून बाहेर आले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"पप्पा, मला शिकवा."

त्यांनी मान वर केली नाही. हातातला डोळा पुरा केला, मग ब्रश पुसला.

"जयू मला सारखी म्हणायची," ते म्हणाले, "नेहाला बसवा, तिला यायचंय इकडं. मी म्हटलं, तिनं मला तसं कधी सांगितलं नाही. तू इंग्रजी शिकलीस, मुंबईला जाशील, असंच धरून चाललो होतो मी. ती म्हणाली, अण्णा, काचेतून बघते हो ती."

मला आभार मानावेसे वाटायला हवे होते. मला इतकंच वाटलं की ही एक गोष्ट मी माझी म्हणून जपली होती, आणि तीसुद्धा माझ्याआधी तिने मागून टाकली होती. माझ्यासाठी, मोठ्याने, बहुतेक सगळ्यांसमोर.

पप्पांनी ब्रश पुढे केला. तडा गेलेली मूर्ती नव्हती, चांगली होती. मी श्वास धरला आणि रागातच पहिली रेघ ओढली, वरची, एका दमात. मग खालची. मग बुबुळ.

पप्पांनी खिळ्यावरचा आरसा काढून मूर्तीसमोर धरला.

"नजर जरा कडक आलीय," ते म्हणाले. "राहू दे. दुसरा डोळा याच्यासारखाच काढ."