थांबून मारलेला छर्रा

कुंडलिक परबांना पोलाद चमकवायचं वेड होतं. भांडुपच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. हातात आलेला दांडा तोंड दिसेपर्यंत घासल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. बायको, नीला, म्हणायची की तुम्ही घासलेल्या तांब्यातून पाणी प्यायची भीती वाटते, कोण बघतंय कोण जाणे. कारखाना बंद झाला, तिथे चोवीस मजले उभे राहिले, आणि परब घाटकोपरच्या एका रायफल क्लबात मागच्या बिनखिडकीच्या खोलीत टेबल टाकून बसले. एअर रायफलींची दुरुस्ती. तिथे येऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्यांना कुणी चूक दाखवली नव्हती, आणि हळूहळू आपली चूक होत नाही असं त्यांनाही वाटू लागलं होतं.

बुधवारी दुपारी दर्शना रायफल परत करायला आली. रायफल क्लबाची, वापरायला दिलेली. दर्शना कांजूरची, सव्वीस वर्षांची, सकाळी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची आणि तिथून थेट रेंजवर यायची. रविवारी तिची सरकारी खात्यातल्या नोकरीसाठी खेळाडू कोट्याची निवड चाचणी झाली होती. साठ छर्रे. दीड गुणाने ती बाहेर राहिली होती, आणि वयाची अट पाहता पुढच्या वर्षी तिला तिथे कुणी उभं करणार नव्हतं.

"काका, जमा करून घ्या. पावती द्या," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

परबांनी विचारलं, सोडलंस की काय गो? ती म्हणाली, सोडलं. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की तू फार थांबतेस, फार विचार करतेस, मन कच्चं आहे म्हणून मधेच एखादा छर्रा खाली पडतो. घरी आईलाही तिने तेच सांगितलं होतं, की मी घाबरले.

मधेच एखादा खाली पडतो. हे ती चाचणीच्या आधीच्या सोमवारीही सांगायला आली होती. परबांनी तेव्हा वेग मोजायच्या यंत्रातून धडाधड दहा छर्रे मारले होते. दहाही सारख्या वेगाचे. रायफल ठीक आहे, तू स्वतःकडे बघ, असं ते म्हणाले होते. वर, घरी हातपंपाने हवा भरतेस, मुंबईच्या हवेत पाणी असतं, ते रायफलीच्या हवेच्या नळीत जातं, म्हणून तिला झापलंही होतं. क्लबाचा कोरड्या हवेचा सिलिंडर संध्याकाळी सहानंतरच उघडायचा आणि तिला सरावाला दुपारच मिळायची, हे त्यांना माहीत होतं.

"किती थांबतेस दोन छर्‍यांत?"

"एरवी मिनिटभर. श्वास जुळला नाही तर दोन-अडीच, कधी तीन."

परबांनी पावतीपुस्तक बाजूला सरकवलं. रायफल शिकंज्यात बसवली, एक छर्रा मारला आणि घड्याळाकडे बघत बसले. तीन मिनिटं त्या खोलीत फार लांब होती. दर्शना स्टुलावर बसून नखं बघत राहिली. दुसरा छर्रा सुटला, आणि यंत्रावरचा आकडा पंधराने खाली आला. लगेच तिसरा मारला तर आकडा जागेवर. पुन्हा तीन मिनिटं थांबले. पुन्हा पंधराने खाली.

म्हणजे आतला व्हॉल्व्ह चिकटत होता. चाप ओढला की हातोडी व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसते, दांडा मागे सरकतो, तेवढ्यापुरती हवा सुटून छर्‍याला ढकलते. रायफल पडून राहिली की दांडा जागीच धरला जायचा, पहिल्या ठोक्याला अर्धवट सरकायचा, आणि मग मोकळा. घाईने मारणार्‍याला हे कधी कळलं नसतं. जी श्वास जुळेपर्यंत थांबायची तिलाच रायफल दगा देत होती.

त्यांनी रायफलीची हवेची नळी उतरवली, उरलेली हवा सोडली, खात्री करायला चाप आणखी दोनदा ओढला, आणि मगच व्हॉल्व्हचं झाकण फिरवलं. पाणी असणार, गंज असणार, अशी त्यांची खात्री होती. दांडा बाहेर काढला. तो कोरडा होता. तांबूस ठिपकासुद्धा नव्हता. दांडा ज्या भोकातून सरकतो तिथे कडेने हिरवट, चिकट थर बसला होता, ग्रीसमध्ये कालवलेला. परबांनी तो नखावर घेतला आणि दोन बोटांत चोळला. बारीक कचकच लागली.

ती पॉलिशची पेस्ट होती. दिवाळीनंतरच्या देखभालीत त्यांनीच हा दांडा आरशासारखा घासला होता. त्याची गरज नव्हती. कंपनीच्या कागदावर तो नुसता पुसून घ्या असं लिहिलेलं होतं. घासून झाल्यावर त्यांनी दांडा धुतला, भोक धुतलं नाही.

"पाणीच आहे ना?" दर्शनाने विचारलं. "माझ्या पंपाचं?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. तिने दोष आधीच स्वतःवर घेतला होता. त्यात आणखी थेंबभर पाण्याने काय झालं असतं. परबांच्या जिभेवर तो हो आला, हे त्यांचं त्यांना कळलं. त्यांनी दांडा फडक्यावर ठेवला.

"पाणी नाय गो. माझी घाण आहे. मी दांडा घासला, आणि आतलं भोक साफ नाही केलं."

तिने फडक्यावरचा दांडा उचलून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी नीट मारत होते."

"होय."

"आणि तुम्ही मला सांगितलंत स्वतःकडे बघ."

ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

"लिहून द्या," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत हरकत घेता येते. काय झालं ते सगळं लिहा. खाली सही करा."

क्लबाचे सेक्रेटरी हर्षदभाई आत आले तेव्हा परबांचा अर्धा कागद भरला होता. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. परबांना बाजूला घेऊन समजावलं, की अहो, फेरचाचणी कोण घेतंय, शुक्रवारपर्यंतची हरकत नावालाच, रायफलीचं तिथल्या तिथे सांगायचं असतं. हिचं काही होणार नाही आणि उद्यापासून तुमच्या टेबलावर कोणी रायफल ठेवणार नाही. दोन्ही गोष्टी खर्‍या असणार, हे परबांना दिसत होतं.

त्यांनी हर्षदभाईंकडे देखभालीचं रजिस्टर मागितलं. दिवाळीनंतर अशाच घासलेल्या रायफली नऊ होत्या. ते त्या वापरणार्‍यांचं एकेक नाव कागदावर उतरवू लागले. चौथं नाव सम्यकचं होतं. तो मार्चपासून आला नव्हता. त्याचेही छर्रे मधेच खाली पडू लागले होते; त्याचं डोकं फिरलं, हात कापतात, असं सगळे म्हणायचे. परबही म्हणायचे.

पेन थांबलं. दर्शना वाकून बघत होती.

"त्याचं कशाला," ती म्हणाली. "त्याने स्वतःची रायफल विकली, काका. नंबरही बदललाय."

परबांनी नाव लिहिलं. मग पाचवं लिहायला घेतलं.