सुईचा अर्धा आटा

माझ्यामुळे वडगाव रासाईत आजवर एकच विमान पडलं, आणि त्यातही चूक मेहुण्याची होती, असं मी तब्बल आठवडाभर मानत होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूरला माझं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मेहुणा विलास दौंडला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर. (यंत्राशी संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता!) त्यानं पुण्याहून मुठीत मावेल एवढं इंजिन आणलं आणि आठ महिने खपून त्याला विमान बांधलं. मध्ये उभं राहून दोन लांब तारांवर ते आपल्याभोवती फिरवायचं. इंधन किती जाईल ते स्क्रूसारखे आटे असलेल्या एका बारीक सुईवर. उघडली की जास्त, आवळली की कमी.

दिवाळीत वडगाव रासाईला सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, मोकळ्या रानात सगळे जमले. पहिलं उडवायचा मान जावयाचा. विलासनं इंजिन चालू केलं, तर ते धूर ओकत अडखळायला लागलं. मला राहवेना. मी सुई आवळली, तसं ते झकास किंचाळलं.

विलास म्हणाला, "दाजी, अर्धा आटा उघडा. नाक वर केलं की इंधन कमी पोचतंय. बंद पडंल ते."

माझं डोकंच फिरलं. तिकिटं देणारा मला इंजिन शिकवणार? चारचौघांत मी त्याला नाही नाही ते बोललो. मंगलनं, माझ्या बायकोनं, डोळ्यांनी दटावलं, तर तिच्यावरही खेकसलो.

मी तारांची मूठ धरून मध्ये उभा राहिलो आणि विलासनं विमान सोडलं. एक फेरी छान झाली. मी नाक वर केलं. इंजिन बंद! तारा सैल पडल्या आणि विमान आप्पांच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात नाकावर गेलं.

टाकीच चुकीची बसवली, म्हणून मी आणखी ओरडलो. विलासनं कोपरापर्यंत हात घालून विमान काढलं. पंख मोडला होता. इंजिन धुऊन त्यानं त्याच टाकीसकट फळीवर बसवलं, सुई अर्धा आटा उघडून चालू केलं आणि नाक वर करून फळी उभी धरली. इंजिन चालतच राहिलं.

"चालतंय की," आप्पा म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तेच जास्त लागलं.

आठवडाभर मी गॅरेजात पाने आपटले. मग दौंडला जाऊन त्याच्या खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर म्हणालो, "विलास, माझं चुकलं."

त्यानं मान वर केली नाही. "कुठलं देऊ?"

मागची रांग खवळली होती. मी तोंडाला आलं ते पुण्याचं तिकीट घेतलं, आणि काही काम नसताना गेलोही!