आत्यानं तुटू न दिलेलं गाणं

तुरुहिरा आत्याला आमच्या गावात सगळेच वचकून असतात. मी अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेची बस चालवणारा, दोन नातवांचा आजा. पण तिनं माझ्या बुटांकडे नुसतं बघितलं तरी मी ते दाराबाहेर काढून ठेवतो. माझी ती सख्खी आत्या नाही. नेमकं नातं सांगायला बसलो तर अर्धी सकाळ जाईल. ती सगळ्यांचीच आत्या आहे, एवढं पुरे.

तीस वर्षं ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाकाला हिंडली. वीस-पंचवीस दणकट माणसं, दिवसातून पाच वेळा खाणार आणि खाणं पाच मिनिटं उशिरा आलं तरी डोकं फिरवून घेणार. आत्याकडे उशीर कधी झाला नाही. एका मुकादमानं एकदा तिच्या मटणाला नावं ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना मटण वाढलं आणि त्याच्यापुढे रिकामं ताट ठेवून निघून गेली. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. भाऊ ट्रकच्या अपघातात गेला आणि भावजय ऑस्ट्रेलियात कामाला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हा त्यांचा सहा वर्षांचा कारैतियाना आत्यानं आपल्या घरी आणला. त्या कारैला तिनं शिकवलं, वकील केलं, आणि त्याबद्दल एका शब्दानं कधी मिरवलं नाही.

पण आत्याची खरी ओळख म्हणजे गाणी. आम्हा माओरींत कुणी चार माणसांपुढे बोलायला उभा राहिला, की बोलणं संपताना त्याच्या माणसांनी त्याच्यासाठी गायचं असतं. ज्याच्यासाठी कुणी गात नाही तो भर सभेत उघडा पडतो. आणि एकदा उचललेलं गाणं मध्येच तुटता कामा नये. तुटलं की सगळ्या कुळावर काहीतरी वाईट येणार, हे आमच्याकडे तान्ह्या लेकरालाही ठाऊक असतं. त्यामुळे गाणं उचलणारं माणूस ठरलेलं असतं. एकोणिसाव्या वर्षापासून ते काम आत्याकडे आहे. शिकवायची तिची रीत अशी, की आम्हाला सभाघरामागच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवायचं आणि सोलता सोलता गाऊन घ्यायचं. ओळ चुकली की ती पातेल्यावर डाव आपटायची. कारैला सगळी गाणी आली, एक सोडून.

ते गाणं तळ्याचं. तुनारोआ हे आमचं तळं, वाम माशांचं. आत्याच्या आजीच्या काळात सरकारनं ते ताब्यात घेतलं, आजूबाजूची दलदल सुकवून कुरणं करायला. तुमच्या वाम धरायच्या जागांना हात लावणार नाही, असा शब्द दिला होता. तो शब्द पहिला कालवा खणेपर्यंत टिकला. आजीनं त्यावर गाणं रचलं आणि त्यात वाम धरायच्या सातही जागांची नावं ओळीनं घातली. पुढे तळं परत मिळावं म्हणून केलेला आमचा दावा चौकशीला आला तेव्हा आमच्याकडे कागद असा एकही नव्हता. आत्यानं न्यायाधीशांपुढे उभं राहून ते गाणं म्हटलं. नंतर सरकारच्याच दप्तरातून मोजणीचा जुना नकाशा निघाला, तर त्यावर तीच सात नावं, त्याच क्रमानं. दावा उभा राहिला तो त्या गाण्यावर. कारै मात्र चौथ्या नावाशी हटकून अडायचा. मग पाचवं आत्या उचलायची आणि तो तिच्या मागून यायचा.

या सगळ्यात तेवीस वर्षं गेली. शेवटची नऊ वर्षं सरकारशी बोलणी करायचं काम कारैकडे होतं. आपला माणूस, शिकलेला, आत्याच्या हातचं खाऊन मोठा झालेला. आम्ही निर्धास्त होतो. शेवटी विधेयक आलं. माफीनामा, जंगलाचा एक तुकडा, जुन्या शाळेची जागा आणि तळं, तळाच्या मातीसकट कुळाच्या नावावर. बाकीच्या गोष्टींत आत्याला काडीचा रस नव्हता. तळं हातात आलं की मी मरायला मोकळी, असं ती म्हणायची. मग न आलेलंच बरं, असं आम्ही म्हणायचो.

मार्चमध्ये कारैचा फोन आला, की मंगळवारी संसदेत तिसरं वाचन आहे, म्हणजे शेवटचं मतदान. असं विधेयक मंजूर झालं की प्रेक्षकांच्या गॅलरीतून कुळानं गायचं, ही तिथली आता रीतच पडली आहे. तेवढ्यापुरते सभापतीही थांबतात. सगळ्यांना घेऊन ये, परतताना मीही तुमच्याच बसनं येईन, असं तो मला म्हणाला. मग त्यानं फोन आत्याला द्यायला सांगितला आणि तळ्याचंच गाणं घे म्हणून तिला दोनदा बजावलं. आत्याचा चेहरा त्या दिवशी विशीतल्या मुलीसारखा झाला होता.

आम्ही सकाळी सहाला निघालो. चाळीस माणसं, उकडलेल्या शिंपल्यांच्या दोन बादल्या, टोपलीभर तळलेला पाव. वेलिंग्टनला पोचलो तर वारा असा, की म्हाताऱ्यांना दंडाला धरून संसदेच्या पायऱ्या चढवाव्या लागल्या. आत्या काळ्या पोशाखात, गळ्यात आजीचा हिरवा दगड. दारावरच्या पहारेकऱ्यानं सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि बजावलं, की गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. गाण्याची परवानगी आहे.

दोन वाजता कामकाज सुरू झालं. प्रार्थना झाली आणि लगेच भांडणं. अंडी महाग का झाली, दवाखान्यात खाटा का नाहीत, यावर मंत्री उभे राहत होते आणि उत्तर सोडून बाकी सगळं बोलत होते. एकानं दुसऱ्याला काहीतरी लागट म्हटलं, सभापतींनी ते मागे घ्यायला लावलं, त्यानं ते हसत हसत घेतलं. यांना जेवण उशिरा मिळालेलं दिसतंय, असं आत्या माझ्या कानात म्हणाली. मग कुत्र्यांच्या नोंदणीच्या कायद्यातली कसलीशी दुरुस्ती झाली. तिला तास लागला. त्यानंतर आमचं विधेयक पुकारलं आणि अर्धे सदस्य उठून चहाला गेले.

मंत्र्यांनी सुरुवात आमच्या भाषेत केली. उच्चार भयंकर होते, पण माणूस घोकून आला होता, म्हणून आत्यानं मान डोलावली. माफीनामा वाचताना आमच्यातल्या तिघी-चौघी रडल्या. खाली सभागृहात, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर कारै आणि त्याचे दोन सहकारी बसले होते. कारैनं वर एकदाही बघितलं नाही. लाजतोय, असं मला वाटलं. मी मूर्खच.

चौथे बोलायला उठले ते आमच्याच भागातले, कुरणवाल्यांच्या मतांवर निवडून येणारे म्हातारे सदस्य. ते फार गोड बोलले. "या कुळाच्या मनाच्या मोठेपणाला माझा सलाम," ते म्हणाले. "तुनारोआचं तळं सरकारकडेच राहावं, सगळ्यांचं राहावं, म्हणून या लोकांनी आपला हट्ट सोडला. माझ्याकडचे शेतकरी हे विसरणार नाहीत."

आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "पेने, कुठलं तळं म्हणाला तो?"

"आपलंच," मी म्हणालो.

ते गृहस्थ काहीतरी चुकीचं बोलून गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुढची सदस्य, एक तरुण बाई, चिडूनच उठली आणि तिनं कलम वाचून दाखवलं. तळ्याची मालकी सरकारची. कुळाला देखभालीच्या अकरा जणांच्या समितीत दोन जागा, आणि काठावर आमच्या भाषेत नावाची पाटी. दोन आठवड्यांपूर्वी कलमवार चर्चेत हा बदल झाला होता, कुळाच्या वतीनं बोलणी करणाऱ्यांच्या लेखी संमतीनं. तो कागद कुणालाही बघायला मोकळा होता म्हणे. आम्ही कशाला बघणार? आमचा कारै तिथं होता ना.

केसानं गळा कापणं मी आजवर नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी ते शेजारच्या खुर्चीत बघितलं. आत्या रडली नाही. ती कारैच्या टाळूकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्यानं सही केली आणि मग मला फोन केला." पहारेकऱ्यानं बोट ओठांवर ठेवलं.

मतदान झालं. सगळे बाजूनं, ती तरुण बाई तेवढी विरोधात. विधेयक मंजूर, असं सभापतींनी सांगितलं आणि ते थांबले. चहाला गेलेले सदस्य परत आले होते, तेही माना वर करून उभे राहिले. टीव्हीचा कॅमेरा आमच्याकडे वळला. आमची चाळीस माणसं आत्याकडे बघत होती, आणि आत्या हात मांडीवर ठेवून बसून होती. ती उठली नाही म्हणून कुणीच उठलं नाही. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं. बसा म्हणावं वाट बघत.

तेव्हा कारै उठला. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं, थेट तिच्याकडे, आणि एकट्यानंच गाणं उचललं. ओतुपारे, ते कोहाई, मातारुआ, पुकेफाऊ. चार नावं झाली आणि तो थांबला. तोंड उघडं, आवाज नाही. गाणं तुटायला आता एक श्वास उरला होता. तुटू दे, असं मी मनात म्हणत होतो आणि तुटलं तर कुळावर काय येईल म्हणून घाबरतही होतो.

पाचवं नाव आत्यानं घेतलं. बसूनच घेतलं, पण पूर्ण आवाजात. मग आम्ही सगळे उठलो आणि सातही जागा गाऊन गाणं काठाला लावलं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्री डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आत्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं की तळ्याच्या लेकीला आनंद आवरेना. कामकाजाच्या नोंदीत तर एकच शब्द आहे: गाणं. ते कुणी उचललं आणि का, हे त्यात नाही.

गाणं संपल्यावर खाली दिवाणखान्यात चहा आणि त्रिकोणी सँडविच मांडले होते. आमच्यातल्या कुणी हात लावला नाही. कारै गर्दीतून वाट काढत आत्याकडे आला. सरकार पडायच्या बेतात आहे, तळ्यावर अडून बसलो असतो तर विधेयक आत्ता मंजूर झालं नसतं, आणि मग माफीनामा, जंगल, शाळा, सगळंच हातचं गेलं असतं, असं तो भराभर सांगत होता. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. आत्यानं त्याला पुरतं बोलू दिलं.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता, आत्या?"

"नाही."

"मग गायलं कोण असतं? गाणं झालं नसतं तर उद्या सगळ्या देशात बोभाटा झाला असता, की कुळालाच हे मान्य नाही." तो खाली वाकला. आमच्या रीतीनं त्याला कपाळाला कपाळ लावायचं होतं. "मला ठाऊक होतं, तू मला असं उघडं पाडणार नाहीस."

आत्या एक पाऊल मागे सरली. "ठाऊक होतं ना? सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तुझं गाणं मी एकदाही तुटू दिलं नाही. त्याच जोरावर तू तळं देऊन आलास."

ती वळली आणि वाऱ्यात, कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरली. आम्ही मागोमाग गेलो. सगळे बसमध्ये चढले, मी माणसं मोजली, चाळीस भरली. कारै बॅग घेऊन धावत आला आणि दारापाशी उभा राहिला. त्याचा कोट वाऱ्यानं फडफडत होता. मी आरशातून आत्याकडे बघितलं. दार उघड, असं ती म्हणाली असती तर मी उघडलं असतं. ती खिडकीबाहेर, दुसऱ्या बाजूला बघत होती. मी गाडी गिअरमध्ये टाकली.